खाऱ्या पाण्यातला तांब्या

आये, आज दुकानात एका मास्तरांनी विचारलं, "रेडिओचं काम कुणाकडे शिकलात?" मी नेहमीचंच सांगितलं, "कुणाकडेच नाही." आणि मग दिवसभर तू आठवत राहिलीस.

तू जाऊन चौदा वर्षं झाली. खड्याचा रेडिओ बनवला तेव्हा मी तुझ्याबरोबर मिठागरावर मीठ ओढणारा चांगला बाप्या होतो. शिक्षण चौथी, बाकी सगळं जुन्या बाजारातल्या एका फाटक्या पुस्तकातून. दोन ताडांमध्ये एरियलची तार बांधली. लोक साठ फूट म्हणत, बासष्ट होती. दुसरी, जमिनीत जाणारी अर्थची तार अंगणात ठोकलेल्या सळईला. बॅटरी नाही, काही नाही. आवाज मात्र कानाशी डास गुणगुणावा तेवढाच.

तू भेगाळल्या पायांना तेल चोळते आहेस आणि मी समजावतो आहे: स्टेशनची लाट सेकंदाला लाखो वेळा थरथरते, तो वेग बदलत नाही. गाणाऱ्याचा आवाज फक्त तिची उंची कमी-जास्त करतो. खडा विजेला एकाच बाजूनं जाऊ देतो, म्हणून ती उंची कानाला कळते.

"वरशी आली ती जाते कंच्या वाटंनं?"

"जमिनीत."

"या सुक्या जमिनीत? बांधाची उघाडी बंद ठेवली, जुना पानी भायेर सोडला नाय, त नवीन पानी येल का रं? तार आगराच्या पान्यात सोड."

"आये, तू मीठ पिकव. रेडिओचं माझ्यावर सोड."

"बरा, सायेब!" म्हणून तू हसलीस.

दुसऱ्या दिवशी तू बाजाराला जाईपर्यंत मी थांबलो. मग भोक पडलेला जुना तांब्या तारेला बांधून आगराच्या खाऱ्या पाण्यात सोडला. आवाज एकदम मोकळा झाला! इअरफोन काशाच्या वाटीत ठेवला, तर चौघांना ऐकू येईल इतका. संध्याकाळी शेजारी जमले. "कसं रं जमवलंस?" मी म्हणालो, "डोकं लागतं." तू दारातच होतीस. तांब्या कुठं गेला, हेही विचारलं नाहीस. वाटीला कान लावून भजन संपेपर्यंत नुसती हसत होतीस.

आता गिऱ्हाइकांना मी बजावतो, अर्थची तार ओल्या जागी सोडा. आणि वर सांगतो, ही माझी युक्ती.

हे पत्र दुकानातल्या माझ्या रेडिओच्या मागच्या झाकणात ठेवतो आहे. युक्ती तुझी होती, हे आज पहिल्यांदा लिहिलं. आणि ते झाकण माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.