घरात हाक मारायचे नाव परत मिळणेबाबत

प्रति,
मा. मुकादमसाहेब,
बेने इस्राएल प्रार्थनागृह कमिटी (शाळेमागील),
रामला.

अर्जदार: श्री. नॅथन झिराडकर, निवृत्त हेडक्लार्क, यांच्या पत्नी. (नाव शेवटी सहीखाली येईल. येथे का नाही, ते परिच्छेद ४ मध्ये.)
लेखनिक: वरील श्री. नॅथन झिराडकर. अर्जदार सांगतील तसे लिहिणार.

विषय: अर्जदारांना न विचारता बदललेले त्यांचे नाव परत करणेबाबत.

संदर्भ: शनिवार, दि. १ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रार्थनागृहात झालेला नामबदल व त्याची रविवारी केलेली नोंद (शब्बाथला लिहीत नाहीत म्हणून).

महोदय,

१. अर्जदारांचे वय अठ्ठावन्न. मूळ राहणार ठाणे, हल्ली राहणार रामला (इस्राएल), स्टेशनपलीकडची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बावीस वर्षे बालवाडीत मदतनीस होत्या. सण संपल्यावरच्या सोमवारी, दि. २७ ऑक्टोबर रोजी, डॉक्टरांनी अर्जदारांच्या डाव्या स्तनात कॅन्सर असल्याचे सांगितले. डॉक्टर भला माणूस. काही विचारायचे आहे का, असे त्याने चार वेळा विचारले. अर्जदारांनी परतीची बस किती वाजता आहे ते विचारले. लेखनिकाने तेवढेही विचारले नाही. अर्जदार त्या दिवसापासून आजतागायत रडलेल्या नाहीत. त्यामुळे सगळा शेजार त्यांना धीराची बाई म्हणू लागला आहे. अर्जदार कळवू इच्छितात की धीरबीर काही नाही. भीतीने जीव अर्धा झाला आहे. पण घरात सकाळपासून इतकी माणसे असतात की रडावे कुठे, हाच प्रश्न आहे.

२. बातमी कळताच लेखनिकाच्या थोरल्या भगिनी सोफीबाई किर्यात गातहून बसने आल्या. येताना पोहे, नारळ आणि चार दिवसांचे कपडे घेऊन आल्या. आज पंधरावा दिवस आहे. माणूस जिवावरच्या दुखण्यात असला की त्याचे नाव बदलावे, मृत्यूचा दूत यादी घेऊन येतो, त्या नावाचे कोणी सापडत नाही, आणि तो हात हलवत परत जातो, असे सोफीबाईंनी सांगितले. अर्जदार गोळी घेऊन झोपल्या असताना कमिटीकडे विनंतीपत्र गेले. त्या विनंतीपत्रावर लेखनिकाची सही आहे, हे लेखनिक मान्य करतो. येथे 'लाज वाटायला हवी' असे लिही म्हणून अर्जदारांनी सांगितले, ते लिहिले आहे. शनिवारी प्रार्थना आटोपून सोफीबाई जिने चढून आल्या आणि चपला काढायच्या आत म्हणाल्या की आजपासून तू तिकवा. तिकवा म्हणजे आशा. अर्थाबद्दल अर्जदारांची तक्रार नाही. परंतु अठ्ठावन्न वर्षे वापरलेली वस्तू उचलून नेताना मालकिणीला निदान उठवायला हवे होते, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

३. अर्जदारांचे कायदेशीर म्हणणे असे की, या देशात नावाला कोण विचारतो? दवाखान्यात जा, बँकेत जा, बसचा पास काढायला जा, आधी ओळखपत्राचा नंबर विचारतात. नऊ आकडी नंबर. तो कमिटीने बदललेला नाही. पत्ताही बदललेला नाही. दारावर झिराडकर ही पाटी तशीच आहे, फक्त सोफीबाईंनी तिच्याखाली 'तिकवा' असा कागद चिकटवला आहे. म्हणजे मृत्यूच्या दूताकडे नंबर असला तर नाव बदलून उपयोग नाही, आणि नसला तर त्याला नवे नाव आयते दारातच वाचायला मिळते. बरे, गाठ छातीत आहे. नावात गाठ असल्याचे कोणत्याही रिपोर्टात आलेले नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार झाला आहे.

४. आता मुख्य तक्रार. ती लेखनिकाविरुद्ध असल्याने लेखनिक ती जशीच्या तशी लिहीत आहे. जुने नाव कोणी चुकून उच्चारले तरी दूताला पत्ता लागतो, असे सोफीबाईंनी बजावले. नवे नाव लेखनिकाच्या जिभेवर येत नाही, कारण त्या नावाच्या बाईशी त्याचे लग्न झालेले नाही. परिणामी गेले बारा दिवस लेखनिक अर्जदारांना कोणत्याच नावाने हाक मारत नाही. तो खाकरतो. कपावर चमचा वाजवतो. 'अगं ऐकलंस का' म्हणतो, तेव्हा सोफीबाईही ओ देतात. तेहतीस वर्षांत घरात जी हाक दिवसातून पन्नास वेळा ऐकू येत असे, चष्म्यासाठी, पायमोज्यासाठी, काही कारण नसताना, ती एकदम बंद झाली आहे. ती हाक कोणती, हे येथे लिहायला लेखनिक तयार नाही.

पाच तारखेला तपासणीसाठी हॉस्पिटलात गेले असता नर्सने दारात येऊन अर्जदारांचे जुने नाव मोठ्याने पुकारले. लेखनिक ताडकन उठला आणि या नावाचे येथे कोणी नाही, असे त्याने नर्सला सांगितले. नर्सने पुढच्या बाईला घेतले. अर्जदार तेव्हा पाणी प्यायला गेल्या होत्या. त्या परत आल्या आणि तीन तास बसून राहिल्या. नंतर नर्सने विचारले की मघाशी येथे एक घाबरलेला म्हातारा होता, तो तुमचा कोण? अर्जदारांनी ओळख मान्य केली.

काल बुधवारी बाजारात दोघांची चुकामूक झाली. हाक मारली असती तर अर्जदार चार पावलांवर होत्या. परंतु लेखनिक चाळीस मिनिटे टोपी हलवत फिरला. शेवटी त्याने कोथिंबीरवाल्याला गळ घातली, आणि त्या भल्या माणसाने भर बाजारात हिब्रूत आणि मग अरबीत ओरडून सांगितले की निळ्या स्वेटरमधल्या हिंदी बाईने आपला नवरा घेऊन जावा. तीन बायका आल्या. अर्जदार चौथ्या होत्या.

५. भेटीला येणाऱ्यांबद्दल. कमिटीच्या सूचनेवरून सर्व मंडळी अर्जदारांना तिकवाबाई म्हणतात. येतात, हात हातात घेतात, आपल्या ओळखीत याच दुखण्याने कोण कोण गेले ते सांगतात, मग तुमचे तसे होणार नाही म्हणतात आणि चहा घेतात. माणसे मायेची आहेत, त्याबद्दल वाद नाही. परंतु अर्जदारांना वाटते की हे सगळे दुसऱ्याच कोणा बाईला भेटायला आले आहेत, आणि आपण तिच्या बाजूला उगाच उभ्या आहोत. मुलगा अविव एलातच्या हॉटेलातून रोज फोन करतो. अर्जदार मराठीत बोलतात, तो हिब्रूत उत्तर देतो आणि ईमा म्हणतो. आई म्हणायला नाव लागत नाही. तेवढी पाच मिनिटे बरी जातात.

हॉस्पिटलातल्या सोशल वर्कर गेउला या नव्याने आजार कळलेल्या बायकांना मंगळवारी एकत्र बसवतात. अर्जदार परवा तेथे गेल्या. लेखनिक दाराबाहेर बाकावर होता. आठ बायका गोल बसल्या होत्या आणि पहिलाच नियम असा की प्रत्येकीने आपले नाव सांगायचे. जुने सांगावे तर बाहेर बाकावर लेखनिकाला झटका येईल. नवे सांगावे तर आजारी बायकांशी खोटे बोलल्यासारखे. अर्जदार म्हणाल्या, माझे नाव सध्या कमिटीकडे आहे. बायका हसल्या. डोक्याला फडके बांधलेली एक बाई तर डोळे पुसेपर्यंत हसली, आणि अर्जदारही त्या सोमवारनंतर पहिल्यांदा हसल्या. तेथे कोणी कोणाला धीराची म्हणत नाही. एकीने सांगितले की तिला भिंतीवर बशी फेकून मारावीशी वाटते, तर बाकीच्यांनी कोणती बशी ते विचारले. मग घरून तुम्हाला काय हवे, असे गेउलांनी सर्वांना विचारले. कोणी म्हणाली, शांतता. कोणी म्हणाली, नवऱ्याने भांडी घासायचे थांबवावे, फुटतात. अर्जदार म्हणाल्या, एक हाक. गेउला म्हणाल्या की मग ज्याने नेली त्याच्याकडे मागा. म्हणून हा अर्ज.

६. येथे अर्जदारांनी सांगितले की दुसरी बाजू ऐकल्याशिवाय अर्ज एकतर्फी होईल, तरी लेखनिकाने आपले म्हणणे थोडक्यात लिहावे. ते असे. लेखनिक नऊ वर्षांचा असताना रेवदंड्याला त्याची आई तापाने अंथरुणाला खिळली होती. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी नाव बदलायला सांगितले. लेखनिकाचे वडील शाळामास्तर. ते हसले, आणि देवाला हजेरीपट नीट ठेवता येतो म्हणाले. आठव्या दिवशी आई गेली. वडील चुकले असे लेखनिक म्हणत नाही. नाव बदलून ती वाचली असती असेही म्हणत नाही. परंतु वडील हसले होते, आणि आई गेली. सोफीबाई तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. यंदा विनंतीपत्र पुढे ठेवून त्या एवढेच म्हणाल्या की नॅथन, ह्या वेळी हसू नको. लेखनिकाने सही केली. त्याचा या गोष्टीवर विश्वास नाही. पण ही बाई त्याला हवी आहे.

वरील मजकूर तेहतीस वर्षांच्या संसारात अर्जदारांना आज प्रथमच कळला. येथे सांगणे थांबले. अर्जदार उठून आत गेल्या, चहा करून घेऊन आल्या, आणि परिच्छेद २ मधले 'लाज वाटायला हवी' हे शब्द खोडून टाक म्हणाल्या. अर्जात खाडाखोड चालत नाही, म्हणून ते तसेच ठेवले आहेत.

७. त्यानंतर अर्जदारांनी आपली मागणी बदलली आहे, ती खालीलप्रमाणे समजावी.

(अ) नोंद रद्द करू नये. तिकवा हे नाव कमिटीच्या वहीत खुशाल राहावे. मृत्यूचा दूत चौकशीला आलाच तर मुकादमसाहेबांनी त्याला तीच वही दाखवावी. सोफीबाईंनी प्रार्थनेत तेच नाव घ्यावे. त्यांचा भाऊ आणि त्यांची भीती, दोन्ही जुनी आहेत.

(ब) घरात, फोनवर, बाजारात आणि हॉस्पिटलात अर्जदारांना जुने नाव वापरायची मोकळीक असावी. ऑपरेशन रविवार, दि. २३ नोव्हेंबर रोजी सकाळी आहे. घरच्या माणसाला एका दारापर्यंतच येऊ देतात, पुढे नर्स नेतात. त्या दारात लेखनिकाने खाकरू नये. कशावरही चमचा वाजवू नये. अर्जदारांना त्यांच्या नावाने हाक मारावी, म्हणजे आत कोण गेले आहे आणि बाहेर कोण कोणाची वाट बघत बसला आहे, हे अर्जदारांच्या ध्यानात राहील. खरी विनंती एवढीच आहे. वरचे सगळे तिच्यासाठीच लिहिले.

(क) बायकोला नावाने हाक मारल्यास काही वाईट होत नाही, असे कमिटीने लेखनिकास लेखी कळवावे. वर शिक्का मारावा. लेखनिकाची सारी नोकरी मुंबईच्या गोदीतल्या ऑफिसात आणि नंतर येथल्या पोस्टात गेली. शिक्क्याशिवाय त्याला कशाचीच खात्री वाटत नाही.

दिवस थोडे आहेत, तरी पुढच्या मीटिंगची वाट न पाहता उत्तर द्यावे.

कमिटीवर रागावलेली, तरी नम्र,

(सही)
एव्हलिन नॅथन झिराडकर
रामला, गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर १९९७

सोबत:
१) ओळखपत्राची प्रत. नंबर पाहावा.
२) ऑपरेशनच्या तारखेचा हॉस्पिटलचा कागद.
३) दाराच्या पाटीखालचा कागद. आज दुपारी काढला.

प्रत माहितीसाठी: श्रीमती सोफीबाई, हल्ली मुक्काम आमच्याच घरी. अक्षर मोठे काढले आहे.

लेखनिकाचा दाखला: दुसऱ्याने सांगून लिहिलेला अर्ज त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, सहीखालच्या नावासह, असा नियम आहे. त्याप्रमाणे वाचला. लेखनिक नावापाशी आला आणि थांबला. नियम अर्जदारांनाही ठाऊक आहे, त्या बघत राहिल्या. लेखनिकाने नाव वाचले. अर्जदारांनी ऐकू आले नाही असे सांगितले. पुन्हा वाचले. तेही ऐकू आले नाही म्हणाल्या. तेव्हा कागद खाली ठेवून एवू अशी हाक मारली. ती ओ म्हणाली, आणि मग रडायला लागली. खूप रडली. मी तिच्याजवळ बसून होतो, त्यामुळे हा दाखला लिहायला उशीर झाला. झालेला विलंब माफ असावा.