कावळ्यांनी फिरवलेली अँटेना

१८ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्याइतके नाहीत. घशाची काळजी घेतेस ना? बातम्या वाचणाऱ्याचं पोट घशावर.

महिन्याच्या सुरुवातीला आमच्या टीव्ही केंद्रातलं जुनं प्रक्षेपण बंद करून डिजिटल सुरू केलं. तुमच्याकडचंही त्याच दिवशी झालं, तेव्हा तुला नवं काय सांगणार. बटण दाबायचा मान मला मिळाला. साहेबांनी आणलेला गुच्छ कोणाला द्यायचा यावर बराच खल झाला आणि शेवटी तो यंत्रावरच ठेवला. इतकी वर्षं त्याची घरघर ऐकली. ती थांबल्यावर आम्ही उगाच हळू आवाजात बोलायला लागलो. नव्या यंत्राला माणसं फारशी लागत नाहीत, म्हणून मी आता दुपारीच घरी येतो. तुझ्या वहिनीच्या मते मी पायात पायात येतो.

घरीही टीव्हीला नवा डबा जोडला. चित्र इतकं स्वच्छ, की हवामान सांगणाऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतं. बाबांना मात्र तो आवडला नाही. कारण विचारलं तर पेपर वर धरायचे.

आपली गच्चीवरची अँटेना आठवते? नव्या डब्यालाही तीच जोडली आहे. तू तिकडे नोकरीला गेलीस त्या सुमारास तिला एक खोड लागली. मी संध्याकाळी येऊन बघावं तर तोंड फिरवून उभी. बाबा म्हणायचे, कावळे बसतात. मी कावळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती सरळ करायचो.

गेल्या आठवड्यात दुपारी घरी आलो, तर आई टीव्हीपुढे उभी आणि पडदा कोरा. गच्चीवरून बाबांचा आवाज आला, "आलं का?" मला पाहून आई चोरी पकडली गेल्यासारखी टीव्हीपुढून बाजूला झाली. मग तिनेच सांगितलं. तुझ्या दुपारच्या बातम्यांच्या वेळेला बाबा रोज वर चढून अँटेना तुमच्या शहराकडे वळवायचे आणि ती खालून सांगायची. इतक्या लांबून येणारं चित्र मुंग्यांनी भरलेलं, कधी तू एकीच्या दोन दिसायचीस, पण दिसायचीस. "लोकांना तोंड दाखवायचं असेल तर मला दाखवू नकोस," असं तुला दारात म्हणणारा हाच माणूस. माझा जन्म प्रक्षेपणात गेला, आणि दिव्याखाली अंधार.

नव्या प्रक्षेपणात मुंग्या नसतात. एकतर चित्र स्वच्छ येतं, नाहीतर अजिबात नाही. तुमचं केंद्र आता आमच्यापर्यंत पोचत नाही. मी गच्चीवर जाऊन बाबांना हे समजावलं. खांब धरून त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "शेवटची दिसली तेव्हा फार वाळल्यासारखी वाटली. जेवते ना रे ती?"

मुंग्यांतून सगळेच वाळलेले दिसतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते तू येऊन सांग.

तुला बोलाव, असं ते म्हणाले नाहीत, म्हणणारही नाहीत. स्वभावाला औषध नाही. पण त्या दिवसापासून अँटेना तुझ्याकडे तोंड करून आहे. घरात कोणालाच काही दिसत नाही, आणि तुझ्या वहिनीसकट कोणीही तक्रार करत नाही. मी ती सरळ केलेली नाही.

कावळ्यांना उगाच शिव्या देणारा,
तुझा दादा