शिडाखाली त्रेपन्न माणसं

पुनावळे, १ मार्च

तीर्थरूप अनंतदादास चारुलताचा नमस्कार.

तुझा गुडघा वळतो आहे आणि वहिनी तुझ्या जेवणात मीठ कमी घालते आहे, असं धरून पुढे लिहिते. (तसं नसेल तर दोघांनाही स्वतंत्र पत्र लिहीन.) इकडे सगळे धडधाकट आहोत, एक बांबू सोडून.

आमच्या सोसायटीचं वाचनालय मी चालवते. पुस्तक उशिरा परत करणाऱ्यांची नावं मी फळ्यावर लिहिते, त्यामुळे सभासद मोजके पण वक्तशीर आहेत. सेक्रेटरी निवेदिता यांना ती खोली व्यायामाच्या यंत्रांसाठी हवी होती. शेवटी असं ठरलं, की मराठी भाषा दिनी माझ्या कार्यक्रमाला पन्नास श्रोत्यांच्या सह्या झाल्या तर खोली पुस्तकांची, नाहीतर यंत्रांची. मी विषय घेतला शिडाचे आणि सुताचे शब्द, एकेकाच्या अनेक अर्थांसह. बाबा हर्णै बंदरात कारकून असताना त्यांनी टिपलेले. "विषय ऐकूनच अर्धे लोक गावाला जातील," निवेदिता म्हणाल्या. म्हणून तर तुझ्या माळ्यावरचं जुनं शीड मागवलं.

ते लॉनवर मांडवासारखं कसं बांधायचं हे तू चिठ्ठीत लिहिलं होतंस: एक कोपरा सुटत्या गाठीने बांध, वारा आला की ओढून मोकळा कर. दादा, मला ते शिस्तीत बसेना. ओढल्यावर सुटते ती गाठ कसली? तळमजल्यावरच्या शादाबचं तळवड्याला नट-बोल्टचं वर्कशॉप आहे. त्याला सांगितलं, चारही कोपरे बांबूंना असे आवळ की हलता कामा नयेत. तो म्हणाला, "मॅडम, थोडं ढिलं ठेवू का?" मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने आवळलं.

संध्याकाळी लॉनवर अठरा जण होते, त्यातले दोघे खुर्च्या मांडणारे. मी नांगरापासून सुरुवात केली. शेतात तो जमीन फोडतो, पाण्यात होडी धरून ठेवतो. मूळचे इथले सयाजीमामा (आमची इमारत त्यांच्या भाताच्या खाचरात उभी आहे) हात वर करून म्हणाले, "बाई, नांगर पान्यात टाकल्यावर बैलं कुठं उभी ऱ्हात्यात?" हा प्रश्न मी शेवटासाठी राखून ठेवला. मग नाळ घेतली. नाळ बाळाची असते आणि होडीच्या पुढच्या टोकालाही नाळच म्हणतात, असं सांगत होते, तेवढ्यात हायवेकडून वारा आला. शीड फुगलं. इतकं सुंदर फुगलं की मी बोलायची थांबून बघत राहिले. सोडायला गाठ नव्हतीच. बांबू मोडला आणि शीड आम्हा सगळ्यांवर अलगद येऊन बसलं.

आत पिवळट उजेड, सुक्या मासळीचा वास आणि नुसतं हसू. शेजारी क्लबहाउसमध्ये निवेदितांनी नमुन्याला मागवलेली यंत्रं पाहायला जमलेले लोक धावत आले, कडा उचलून आम्हाला काढायला आत शिरले आणि तेही अडकले. कुठूनतरी शादाब म्हणाला, "मॅडम, दोन सूत ढिलं सोडलं असतं ना, बांबू वाचला असता." दोन सूत म्हणजे पाव इंच. (हे माप आता कोणी वापरत नाही, असं वाक्य माझ्या भाषणात पुढे येणार होतं. ते खोडलं.) त्याची बायको गुलशन शिवणातले शब्द सांगू लागली, सयाजीमामांनी कासरा, दावं, चऱ्हाट असे सगळे दोर काढले. बाहेर पडायची कोणालाच घाई नव्हती. मी तिथेच सह्यांचा कागद फिरवला: शिडाखाली असेल तो श्रोता. त्रेपन्न सह्या झाल्या. पन्नासावी निवेदितांची आहे.

वहिनीला नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुझी
चारुलता

ता. क. शीड परत पाठवत नाही. ते लॉनवर कायमचं बांधायचं ठरलं आहे, तुझ्याच गाठीने. ती शिकवायला ये. शादाब एसटी स्टँडवर गाडी घेऊन येईल.

आणखी एक. एवढे शब्द मला पाठ कसे, असं तुला वाटलं असेल. बाबांची निळी वही, जी वहिनीने रद्दीत घातली म्हणून तू तिला एकतीस वर्षं ऐकवतो आहेस, ती माझ्याकडे आहे. वाचायला नेली होती. नियमाप्रमाणे माझं नाव फळ्यावर लिहिलं आहे. आता ती वाचनालयात ठेवायला तुझी परवानगी हवी. वहिनीची माफी मात्र तू माग, आणि त्यावर ती काय म्हणाली ते मला कळवू नकोस.