बेलाला वळसा

लातूर
२ मार्च २०२५

चि. अमरनाथ यास महादेवीअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कानांनी रजा घेतल्यापासून फोनवर मला ओरडावं लागतं आणि आमची गल्ली फुकटात सगळं ऐकते. म्हणून आता पत्रच बरं.

इथे आमच्या कॉलनीची बाग जायच्या बेतात आहे. बोअर आटलं. टँकरचं पाणी एकटं लॉन पिऊन टाकायचं आणि तरी पिवळं ते पिवळंच. अध्यक्ष गुरुपादप्पा म्हणाले की ही कटकटच नको, सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसवू आणि गाड्या लावू. तीस वर्षं शाळेत पोरांकडून झाडं लावून घेतलेली बाई मी, गप्प बसवेना. भर बैठकीत बोलून गेले की लॉन काढते आणि टँकरचा थेंब न घेता बाग २५ मेच्या सभेपर्यंत जगवून दाखवते. नाही जगली तर खुशाल गट्टू बसवा.

लॉन उपटलं. कण्हेर, तरवड, अडुळसा, कोरफड लावली आणि वर उसाचं पाचट जाड अंथरलं. मधला बेल तेवढा जुना आहे. आता प्रश्न पाण्याचा. गल्लीच्या पलीकडे महादेवाचं देऊळ, आणि अभिषेकाचं सगळं पाणी गोमुखातून थेट गटारात. ते गल्लीतून इकडे बागेत आणता येईल का? जन्मभर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना उतार शिकवलास, आता बहिणीला शिकव.

भावजयबाई अंजूला आशीर्वाद. लोभ आहे तसा ठेव, तांब्याभर वाढला तरी चालेल.

तुझी,
अक्का


विष्णुपुरी, नांदेड
७ मार्च २०२५

ती. अक्कास अमरनाथचा शि. सा. न. वि. वि.

तू बैठकीत बोलून गेलीस याचं मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. अंजूचं म्हणणं, ज्याच्या घरापासून धरण हाकेवर आहे आणि जो रोज नळीने अंगण धुतो, त्याने पाण्यावर सल्ले देऊ नयेत. तरी देतो.

सोबत नकाशा आहे. बंद पाइप घालू नकोस, बेलपानं अडकून तुंबेल. उघडा पाट कर, झाडूनेसुद्धा साफ होतो. गल्लीत त्यावर लोखंडी जाळी टाक, म्हणजे गाड्या जातील. दहा फुटांना एक इंच उतार पुरे. शेवट बेलाच्या आळ्यात, तिथून झिरपत वाफ्यांना. दूध-मध वेगळ्या पातेल्यात घ्यायला सांग, नाहीतर बागेत मुंग्यांची जत्रा भरेल.

काम झाल्यावर माझं नाव कुठेतरी कोरून ठेव. लोभ करतेसच, रागावणं तेवढं कमी कर.

तुझा,
अमरनाथ


लातूर
२६ मार्च २०२५

चि. अमरनाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझं नाव कोरायची गरज नाही, गल्लीत ते सगळ्यांच्या तोंडी आहे. सोमवारी पाट सुरू झाला. पाणी असं सरसर बेलाशी गेलं की मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शेजारच्या मल्लम्मा दुधाची बरणी घेऊन आल्या आणि जाळीपाशी थबकल्या. म्हणाल्या, शिवाच्या अभिषेकाचं पाणी हाय, ह्याच्यावरून पाय टाकायचा न्हाई, लई पाप. मागून येणारे सगळे तिथेच थांबले.

अरे, आपण दोघं किती शहाणे! दर सोमवारी देवळात गोमुखापर्यंत जाऊन मागे फिरतो, जन्मभर अर्धीच प्रदक्षिणा घालतो. ते पाणी गल्लीत आणलं तर गल्लीही ओलांडता येणार नाही, हे साठ वर्षांच्या शिवभक्तीत एकाच्याही डोक्यात येऊ नये?

आता आतल्या घरांतून मोठ्या रस्त्याला जायचं तर बागेच्या एका फाटकातून आत शिरायचं, पाट जिथे संपतो त्या बेलाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर पडायचं. माणसं जातात, स्कूटर ढकलत नेतात. पण गुरुपादप्पांची मोटार आतच अडकली. त्यांच्याइतका सोवळा माणूस कॉलनीत दुसरा नाही, त्यामुळे अध्यक्षमहाराज बेलाला वळसा घालून पायी बसस्टँडला जातात. माझ्याकडे बघतही नाहीत.

उपाय सुचव. तोवर तुझ्यावरचा लोभ मी राखून ठेवला आहे.

अक्का


विष्णुपुरी, नांदेड
२ एप्रिल २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी इतका हसलो की अंजू पाणी घेऊन धावली. चूक कबूल. पण अक्का, डोकं शांत ठेवून विचार कर. गट्टूवाल्याचा टेम्पो गल्लीत कुठून येणार? त्याच जाळीवरून. गुरुपादप्पा तो येऊ देतील? मेले तरी नाही. तू न बोलता जिंकलीस! उपाय-बिपाय काही करू नकोस, पाट आहे तसा राहू दे.

राखून ठेवलेला लोभ व्याजासकट पाठवावा.

अमरनाथ


लातूर
५ मे २०२५

चि. अमरनाथ यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला महिना लावला, कारण तुझा सल्ला मला फार गोड लागला होता. शिवाय बाग खरंच जगली आहे. अभिषेकाचं पाणी बेलालाच पुरतं, पण रोज बागेतूनच जायचं म्हटल्यावर लोकांना सुकलेली रोपं दिसायला लागली. आधी मल्लम्मांनी भाजी धुतलेलं पाणी आणलं. मग कुणी तांदूळ धुतलेलं, कुणी एसीचं ठिबकणारं. आता सकाळी बादल्यांची रांग असते. बायका बेलाखाली बसून बोलत राहतात, कण्हेर फुलली आहे.

पण परवा मी मल्लम्मांना नीट पाहिलं. ऐंशी ओलांडलेल्या, दोन्ही गुडघे गेलेले. दुधाला जाताना दोनदा टेकतात. मी विचारलं तर म्हणाल्या, देवासाठी एवढं काय न्हाई. अमरनाथ, त्या देवासाठी नाही, माझ्या बागेसाठी चालत होत्या, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

देवळातल्या स्वामींना विचारून आले. पाणी मातीखाली गेलं, दिसेनासं झालं की ओलांडायला दोष नाही म्हणाले. गल्लीपुरता पाइप पुरून टाकते. किती इंची घेऊ ते लगेच कळव. भीती वाटते रे. रस्ता सरळ झाला की बागेत कोण येणार? आणि टेम्पोलाही वाट मोकळी. पण ही बाग कुणाचे गुडघे झिजवून राखायची नाही.

लोभ असू दे, आत्ता त्याची गरज आहे.

अक्का


विष्णुपुरी, नांदेड
९ मे २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

चार इंची घे. दोन्ही टोकांना झाकणाची टाकी कर, म्हणजे पानं काढता येतील.

हातात आलेली सभा तू स्वतःच पुरते आहेस. मी तुझ्या जागी असतो तर मल्लम्मांना छानशी काठी आणून दिली असती आणि गप्प बसलो असतो. म्हणूनच तुझा मला फार अभिमान वाटतो. हे फोनवर ओरडून सांगता आलं नसतं.

आमच्या दोघांचा लोभ गठ्ठ्याने पाठवला आहे.

अमरनाथ


लातूर
२६ मे २०२५

चि. अमरनाथ यास अनेक आशीर्वाद.

काल सभा झाली. क्रमाने सांगते, शेवट आधी वाचू नकोस.

अठरा तारखेला पाइप पुरला, वर मुरूम दाबला. त्या क्षणापासून माणसं सरळ जायला लागली. मोटार सुटली. बादल्यांची रांग दोन दिवसांत संपली. मी एकटीने जमेल तेवढं पाणी घातलं, पण ऊन असं की तरवडाच्या दोन फांद्या माना टाकून बसल्या. सभेला निघताना त्यांनाच शेवटचा तांब्या घातला.

गुरुपादप्पा उभे राहिले. सरळ माणूस आहे, बाग टँकरशिवाय जगली हे त्यांनीच आधी सांगितलं. पण गाड्यांची अडचण आहे ती आहेच, तेव्हा सगळ्यांचं मत घेऊ म्हणाले. तेवढ्यात मल्लम्मा उठल्या. आजवर कधी सभेला न आलेल्या. म्हणाल्या, रस्ता सरळ झाला, गुडघ्याला बरं हाय, पण आठ दिवसांत एक माणूस भेटलं न्हाई. सगळे भुर्रकन जायलेत. आधी बेलापाशी सगळ्यांची गाठ पडायची. मला वळसा परवडतो, फक्त तिथं बसायला एक बाक टाका.

मग गुरुपादप्पांनी विचारलं, गट्टू कुणाला हवेत. दोन हात वर झाले. एक नवी जीप घेतलेल्या आनंदराजचा आणि दुसरा खुद्द गुरुपादप्पांचा. सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती. हात मोजायला म्हणून त्यांनी आपलं बोट पुढे केलं, त्यासाठी वर केलेला हात खाली घ्यावा लागला. त्यांनी मोजलं. एक. आपल्या हाताकडे पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाले, एकच आहे.

तो हात त्यांनी पुन्हा वर केला नाही.

तुझ्या लोभाचा गठ्ठा पोचला, सगळाच्या सगळा कामी आला.

तुझी,
अक्का