सुनेच्या दंडावरची सुई

आत्याबाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजत बसत नाही. तुमची सून आता स्वतः सासू झाली, आजीही झाली, एवढं कळवते. लिहायला बसले कारण तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. जिवंतपणी तुम्ही मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. शाळा मी थोडीच पाहिली, अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या.

माझी सून इथं पांढुर्ण्यात घरीच शिलाई मशीन चालवते. मागं तिला एका डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं. मग डावा पाय मशीनच्या पायडलवर आहे का खाली, हेही तिला कळेना. नागपूरच्या डॉक्टरनं एमएस नावाचा रोग सांगितला. म्हणाला, आपलंच शरीर आपल्या नसांवरचं आवरण खराब करते. औषध म्हणजे इंजेक्शन, दर आठवड्याला, घरीच टोचायचं. त्यानं रोग जात नाही, पण पुढचे झटके कमी येतात.

ते बर्फाच्या डब्यातून येते अन् फ्रिजमध्ये राहते. शनिवारी संध्याकाळी ती थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवते, सांगितलेली तापाची गोळी घेते, टोचून घेते. मग हुडहुडी भरते, अंग ठणकते, अन् रविवारी दुपारपर्यंत ती निपचित पडून राहते. तिला तशी पाहिली का मी पुन्हा रामाकोन्याच्या आपल्या वावरात उभी असते. मी तापानं फणफणलेली, अन् तुम्ही कपाळाला हातही न लावता म्हणता, "नाटकं नको करू वं, ओटीत कापूस दिसू दे." मी वेचला. विसरले नाही.

ही सून माझ्यापुढं कधी पोटरी उघडी पडू द्यायची नाही. म्हणून सुईनं मांड्यांवर उठलेले लाल चट्टे, कडक गाठी तिनं लपवल्या. बसताना कळवळली तेव्हा मी लुगडं वर करायला लावलं. अन् तुम्ही करायच्या तेच केलं. तव्यावर फडकं तापवून शेकलं, वरून तेल चोळलं. जागा टरारून सुजली. डॉक्टरकडच्या नर्सबाईला फोन लावला तर तिनं मलाच झापलं, "आजी, गरम नाही अन् चोळायचं तर बिलकुलच नाही. गार पट्टी ठेवा, दर वेळी जागा बदला." जागा कुठून आणायची? मांड्या झाल्या, पोट झालं. दंडाच्या मागं तिचा स्वतःचा हात पोचत नाही. माझा पोरगा, म्हणजे तुमचा लाडका नातू, सुई दिसली का त्याला बाहेर काम निघते.

शेवटी ती म्हणाली, "आई, मी हे बंद करते. दर आठवड्याले एक दिवस मरून कोण जगते?"

"अन् दुसरा डोळा गेला का सुईत दोरा कोण ओवन? मी? मले तर दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही."

ती हसली, अन् मग रडली. मी रडू दिलं. शेजारीणही आली शहाणपण सांगायला, "सुईनंच ताप येऊन राहिला, सुई सोडा." तिला म्हटलं, "ताप रविवारी उतरते बाई, पाय गेला तर तू आणून देशील का?"

मी डॉक्टरपुढं सगळं बोलले, सुनेनं लपवलेलंही. त्यानं रक्त तपासलं, गोळीची वेळ बदलून दिली. हुडहुडी कमी झाली, गेली नाही. सौंसरच्या एका नर्सबाईनं मला संत्र्यावर टोचायला शिकवलं. आपल्या भागात संत्र्याला काय तोटा! दोन-चार संत्री चाळण झाली, पण हात बसला.

आता शनिवारी ती बाही वर करते अन् तोंड फिरवून घेते. "टोचा आई, बोलू नका."

"बोलल्याशिवाय मले जमत नाही. हात ढिला सोड."

रविवारी ती झोपते. कोणाचा ब्लाऊज अडला असेल तर अडू दे. दारात मी बसते अन् गिऱ्हाईक परत पाठवते. जोपर्यंत डॉक्टर बंद म्हणत नाही तोपर्यंत ही सुई सुटणार नाही, अन् माझ्या घरात तापलेल्या बाईला कोणी उठवणार नाही.

एक गोष्ट सांगते, हे पत्र कुठं टाकायचंच नाही म्हणून. टोचताना अजूनही कधी हात थरथरते. तेव्हा मी तो दंड तुमचा आहे असं समजते. मग नाही थरथरत.