रुमाल धरून बत्तीस

तीर्थस्वरूप ताईंना जहाजाच्या खोलीतून वाकून नमस्कार (वाकलं की डोकं कपाटावर आपटतं, तरी पूर्ण वाकलो आहे).

तुमचा गुडघा आता कसा आहे? दादांचं गोड बंद केलंत म्हणे, ऐकून वाईट वाटलं. आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे मी मजेत आहे आणि तुमची धाकटी बहीण परवापासून खिडकीकडे तोंड करून बसली आहे. समुद्र बघत असावी, असं मी धरून चाललो आहे.

झालं असं, की परवा जहाज एका बेटाला लागलं. लेकीने तिकिटांबरोबर 'जुनी घरं आणि बागा' ही सहलही आमच्या गळ्यात मारली होती. जुनं घर म्हणजे काय, तर खुर्च्या आहेत पण दोरी लावलेली, पलंग आहे पण टेकायचं नाही, आणि चालून चालून आपल्या पायांचे तुकडे. त्यात गाइडबाई म्हणाल्या, हा दिवाणखाना साठ फुटी. पस्तीस वर्षं जमिनीच्या मोजणीत घालवलेल्या माणसासमोर असं बोलावं का? मी पावलांनी मोजला, चोपन्न भरला. (दोरीपलीकडचे चार फूट अंदाजाने धरले, मी कुणावर अन्याय करत नाही.) बाई वैतागल्या आणि म्हणाल्या, एवढी हौस आहे तर बसमधली माणसंही तुम्हीच मोजा.

मोजली की! बागेतून निघताना बत्तीस हवी होती, बत्तीस भरली. मी 'पूर्ण!' म्हणून ओरडलो, बस सुटली. आता ताई, तुम्हीच न्याय करा. तुमच्या बहिणीने जन्मभर बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, अगदी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा रुमाल टाकून जागा धरली, आणि कुणी बसायला आलं की 'इथे माणूस आहे' हे सांगायचं काम माझ्याकडे. चाळीस वर्षं मी रुमालाकडे बोट दाखवून माणूस आहे म्हणतो आहे. परवा शेजारच्या सीटवर रुमाल होता. मी माणूस धरला. यात माझं काय चुकलं?

ती तेव्हा बागेच्या पार टोकाला माळ्याशी गप्पा मारत होती (एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, म्हणून चांगलंच जमलं होतं). पाऊण तासाने एका वळणावर रुमाल खाली पडला. मी उचलून 'हा धर' म्हणालो, तर धरायला कुणीच नाही. मी अजिबात घाबरलो नाही. शांतपणे बस मागे वळवायला सांगितली. बागेच्या फाटकाला कुलूप! जहाज पाचला सुटणार. पावणेपाचला धक्क्यावर पोचलो, तर बाईसाहेब शिडीपाशी उभ्या. माळ्याने कुंड्यांच्या टेम्पोतून आडवाटेने आणून सोडलं होतं. माझा जीव भांड्यात पडला आणि तोंडातून निघालं, 'कुठे होतीस इतका वेळ?'

त्यानंतर पाच मिनिटं ती बोलली, मग अबोला. मीठ हवं असलं तरी वेटरला सांगते आणि वेटर मला सांगतो. तिचं म्हणणं एवढंच, की ती त्या बेटावर कायमची राहिली असती, तरी मी खुशाल दिवाणखाने मोजत फिरलो असतो.

बाकी सगळं ठीक. दादांना नमस्कार.

आपला,
(आजवर तरी) मेहुणा

ता. क. : तिचंही पत्र येईल, जाडजूड असेल. माझं आधी वाचा. आमचे जहाजावरचे अजून बारा दिवस बाकी आहेत आणि खोली आठ बाय दहा आहे.

आणखी एक ता. क. : वर 'शांतपणे' लिहिलं आहे, ते खोटं आहे. ताई, बसमध्ये मी ढसाढसा रडलो. गाइडबाईंनी पाणी पाजलं, सगळी बस 'भेटतील हो, भेटतील' म्हणत होती. बंद फाटकाचे गज धरून मी तिला माहेरच्या नावाने हाका मारल्या. का, ते विचारू नका. तिला यातलं काही माहीत नाही आणि मला तोंडाने सांगवत नाही. फोनवर बोलावं तर ती शेजारीच असते, म्हणून एवढं पत्र लिहिलं. तेव्हा तुम्हीच तिला फोन करून सगळं सांगा. फक्त माझ्याकडून कळलं असं म्हणू नका. म्हणावं, असंच कानावर आलं.