दोन घावांमधला हात

मोरिओका, १२ डिसेंबर

ती. काकूंस,

तोमोयाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? ओसरीवर पर्सिमॉन फळांच्या माळा वाळत असतील. कोपऱ्यातली एक माझी समजा.

मी कॉलेज मध्येच सोडल्याचं आईनं रंगवून सांगितलं असेलच. (प्राध्यापकांच्या टेबलावर मूठ मी आपटली हे खरं, चहा आपला आपण सांडला.) सध्या इथल्या एका क्लासात इंग्रजी शिकवतो. आमची पोरं 'बनाना' म्हणताना तिन्ही अक्षरांवर सारखंच वजन टाकतात, हजेरी दिल्यासारखी. इंग्रजीत मधलंच तेवढं ठासून म्हणायचं, अलीकडचं-पलीकडचं नुसतं श्वासात. टाळ्या वाजवून झाल्या, बाकं बडवून झाली, माझा घसा बसला. मग एकदम तुमचं अंगण आठवलं. वर्षअखेरीला मोचीचे चिकट गोळे करायला काका उखळातल्या वाफाळत्या भातावर मोगरी हाणायचे, आणि दोन घावांच्या मध्ये तुमचा ओला हात भात उलटवून जायचा. घाव गल्लीभर ऐकू यायचा, हात कुणालाच नाही. (काका गेल्यापासून उखळ पालथंच आहे ना?) पोरांना म्हटलं, हे दबके स्वर म्हणजे आमच्या काकूंचा हात.

देवळातून उखळ-मोगरी मागून आणली. हात घालायला शेजारच्या वर्गातल्या, गणिताच्या चिझुरुबाई. (हा क्लास मी का धरला, ते आईला सांगू नका.) हात, घाव, हात, ब, ना, ना. वर्ग डोलायला लागला. तेवढ्यात त्यांच्या कपाळावर एक बट आली, माझी नजर तिकडे गेली, आणि मोगरी उखळाच्या काठावर. हात बोटभर अंतरानं वाचला.

"तोमोयासर, लक्ष कुठे होतं तुमचं?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आम्ही सांगू?"

पोरांचे उच्चार त्या दिवसापासून सुधारले. बाई आठवडाभर बोलल्या नाहीत. असो. मागणं काही नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं.

तुमचा,
तोमोया

ता. क. काल बोलल्या. म्हणाल्या, "ज्यांच्याकडे शिकलात त्यांनी बायकोच्या हातावर कधी मोगरी मारली नाही, असं काकूंकडून लेखी आणा, मग पुन्हा हात घालीन." तेवढ्या दोन ओळी लिहून द्या. एकतीसला त्यांना घेऊन येईन म्हणतो. उखळ आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, लाकूड तडकायला नको.

ता. क. २. तुमची वाकडी करंगळी, तुम्ही सांगता तशी, दारात चेमटली नव्हती, हे काकांनी मला सांगितलंय. पुढच्या वर्षी तुम्ही तोच हात पुन्हा उखळात घातलात, हेही. ते तेवढं लिहू नका. नाहीतर असं करा काकू, तेवढंच लिहा.